पिवळा दिवा आणि मुकुटबनचे तारमास्तर

यवतमाळकडे जाऊ नका, असं मला पुण्यात अकरा जणांनी बजावलं. त्यातल्या एकानेही अकोल्याच्या पुढे कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळचं नाव रोज पेपरात यायचं आणि आमच्याकडचे लोक चहाच्या घोटाबरोबर ते वाचून, 'अरेरे' म्हणून, पान उलटायचे. तेवढ्यावर त्यांना तो जिल्हा पाठ झाला होता. मी त्यांचं ऐकलं नाही. एकतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे दुसऱ्याचं ऐकायची माझी सवय पार मोडली आहे.

जायचं कारण एक गाडी. माझा नवरा मधुकर मूळचा यवतमाळचा. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. याने तिसऱ्या हाताची लाल जपानी स्पोर्ट्‌स कार घेतली. दोन माणसांची, कापडी टपाची, जमिनीपासून चार बोटं उंच. तिच्यात बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं, आणि उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. मी तिला खूप नावं ठेवली. मधुकर तिला रोज पुसायचा.

या गाडीची एक गंमत होती. हल्लीच्या गाड्यांचं दुखणं ओळखायला संगणक जोडतात. हिच्या बॉनेटखाली एक छोटी डबी आहे. डबीतली दोन ठरावीक भोकं तारेने जोडली आणि किल्ली फिरवली, की समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकून बिघाडाचा आकडा आपणच सांगतो. लांब लुकलुक म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. मधुकरचा शाळासोबती नामदेव जन्मभर तार ऑफिसात होता. यंत्राचा कट्ट-कडकट्ट ऐकून मुंबईचे कापसाचे भाव लिहून घेण्यात त्याची हयात गेली आणि आता तो मुकुटबनला राहत होता. मधुकरने त्याला पत्र टाकलं होतं, 'माझी गाडी तुझी भाषा बोलते. एकदा आणून दाखवतो.' आज नेतो, उद्या नेतो करत चार वर्षं गेली आणि एका मंगळवारी मधुकरच गेला. शेवटच्या आठवड्यात तो दोनदा म्हणाला होता, "नामदेवला गाडी दाखवायची राहिली."

त्या गडबडीत ज्यांना कळवायचं राहून गेलं, त्यांत हा नामदेवही होता. असं होतंच. पुढे चौदा महिने गाडी झाकून ठेवली. मग बंगळूरच्या एका शौकिनाने ती मागितली, महिनाअखेर न्यायचं ठरलं. त्याच्या आत एकदा ती मुकुटबनला नेऊन आणायची, एवढंच माझं काम होतं.

यवतमाळ

पुणे ते यवतमाळ हा प्रवास मी सांगत नाही. त्यात सांगण्यासारखं काही असतं तर लोकांनी तो झोपून केला नसता.

यवतमाळला माझे दीर वसंतराव राहतात. सरकारी कचेरीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, त्यामुळे घरातही फाइल पुढे सरकवल्यासारखे बोलतात. रात्री जेवायला पाटोडीची रस्साभाजी होती. तर्री अशी, की पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. ही कोथिंबिरीला सांभार म्हणणारी माणसं. त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची! भाजी मात्र मी दोनदा मागून घेतली, हे खोटं कशाला बोलू.

जेवणानंतर भावजींनी अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. शेजाऱ्याने नव्या मोटरसायकलला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा बांधला होता, त्यावरून सुरुवात झाली. "वहिनी, शिकलेले लोक आहेत हे! बी. कॉम.! लिंबानं काय ब्रेक लागते का?" मला फार बरं वाटलं. सासरच्या घरात एक तरी डोकं शाबूत होतं.

सकाळी मी निघाले तर भावजी पिशवी घेऊन दारात. "एकट्या नोका जाऊ. मी येतो."

मी म्हटलं, "पुण्याहून एकटीच आले ना?"

"ते पुण्याचे रस्ते. हे आमचे आहेत." आणि मला म्हणाले, "बॉनेट उघडून द्या. पाणी पाहून घेतो."

ज्या माणसाला गाडीत पाणी कुठे असतं हे ठाऊक नाही, तो पाणी बघणार होता. मी बॉनेट उघडून दिलं आणि दशम्यांचा डबा आणायला आत गेले. परत आले तेव्हा ते हात पुसत होते. पाणी ठीक आहे म्हणाले.

मारेगावच्या वाटेवर

वेचणीचे दिवस होते. दुतर्फा पांढरी शेतं, बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले, कारण पुढे गेलेल्या प्रत्येक गाडीतून थोडाथोडा सांडत गेलेला. सरकी काढणाऱ्या एका जिनिंगसमोर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली होती. गाडीवान गाड्यांखाली अंथरूण टाकून पडले होते. दुसरा दिवस, असं एकाने सांगितलं. मुंबईला मालाच्या भावाला शिंक आली की इथे अशी पडशी होते, आणि पुण्यात आम्ही पान उलटतो.

करंजीच्या अलीकडे तो दिवा लागला.

पिवळा, इंजिनाच्या आकाराचा, शांतपणे माझ्याकडे बघणारा. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तेल बघितलं, पाणी बघितलं, वरच्या सगळ्या नळ्या हाताने चाचपल्या. काही सुटलेलं नव्हतं. फक्त कुणीतरी मिरच्या भाजत असल्याचा खकाणा आला आणि मला ठसका लागला. भावजीही खोकले. "शेतात कोणी सैपाक करून राह्यलं असेल," म्हणाले, आणि दुसरीकडे बघू लागले.

पाच मिनिटांत सात माणसं जमली. हिंदुस्थानात बॉनेट उघडण्यासारखं दुसरं आवतण नाही. पहिलाच म्हणाला, "कोणत्या कमिटीच्या बाई?"

मला कळेना. मग कळलं. त्या वर्षांत परगावची गाडी म्हणजे पाहणी समिती, नाहीतर टीव्हीवाले. मी काही बोलायच्या आत एका म्हाताऱ्याने टोपी नीट केली आणि पाठ केल्यासारखं सांगायला सुरुवात केली: किती एकर, किती क्विंटल, काय भाव, कोण गेलं. बोलता बोलता तो मध्येच थांबून विचारायचा, "लिहून नाही राह्यल्या?" माझ्या आधी येऊन गेलेल्या शहाण्यांनी त्या माणसाला अशी शिकवण दिली होती. मला माझ्या जातकुळीची शिसारी आली.

"बाबा, मी कमिटीची नाही. माझी गाडी बिघडली आहे."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग आधी सांगाचं ना!" म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून इंजिनात वाकला. मग उंटावरच्या शहाण्यांची सभा भरली. डिझेल खराब आहे. (गाडी पेट्रोलची आहे.) बॅटरीत पाणी घाला. गाडीला इकडची हवा मानवली नाही. तुमच्या गाडीचं पोट रस्त्याला लागतं म्हणून ती रडून राह्यली. हे शेवटचं म्हाताऱ्याचं, आणि सातांमध्ये तेच बरं होतं.

मारेगाव

गाडी चालत होती, पण पेट्रोल पिऊन धापा टाकत होती. मारेगावला एक गॅरेज सापडलं. मिस्त्री पंचेचाळिशीचा, डोळ्यांवर काळा चष्मा. मी गाडीतून उतरून त्याला सगळं सांगितलं: दिवा कधी लागला, गाडी कशी खेचते, काय काय बघून झालं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग भावजींकडे वळून विचारलं, "काय झालं, सायेब?"

भावजी म्हणाले, "वहिनीच सांगतील." मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा भावजींना म्हणाला, "सायेब, बाईमाणूस चालवून राह्यल्या म्हणून क्लच गेला."

क्लचचा आणि त्या दिव्याचा संबंध नाही, असं मी म्हटलं. त्याने वरवर इंजिनात डोकावून पाहिलं, नाक मुरडलं. "मिरचीचा वास येऊन राह्यला, सायेब." भावजी गॅरेजची पाटी वाचू लागले.

मला आकडा काढायची रीत माहीत होती. गाडीच्या कप्प्यात मधुकरच्या अक्षरातला तक्ता होता. केसांतली पिन काढून मी डबीची दोन भोकं जोडली, किल्ली फिरवली आणि मोजायला बसले. भर दुपार, दिवा उन्हात धड दिसेना. एकदा पंधरा आले. पुन्हा मोजले, सतरा आले. परत पंधरा. जिने एकतीस वर्षं पोरांना मोजमापातल्या चुकांवर धडे दिले, तिला एक दिवा मोजता येईना.

मिस्त्रीला माझी दया आली. "सायेब, सोपा इलाज सांगतो. बल्बच काढून टाकतो. लाईट बंद, टेन्शन बंद. इकडे समदे तसंच करतात."

तो पेचकस घेऊन डॅशबोर्डपाशी पोचलासुद्धा. त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीत दाखवण्यासारखा होता तो एकच दिवा. तो काढला तर मी मुकुटबनला काय दाखवणार होते, लाल पत्रा? मी त्याच्या हातातला पेचकस काढून घेतला आणि म्हटलं, "दिव्याला हात लावायचा नाही."

तो पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला. "मॅडम, गाडी पेटली तर?"

भावजी म्हणाले, "वहिनी, गाडी इथंच ठेवू. एसटीनं घरी जाऊ." आपली पिशवी त्यांनी गाडीतून काढलीसुद्धा होती. मला वाटलं, दमले असतील.

मी ऐकलं नाही. दर दहा किलोमीटरला थांबत, इंजिन निववत, वणीवरून मुकुटबनला पोचायला आम्हाला तीन तास लागले.

मुकुटबन

नामदेवांचं घर टिनाच्या छपराचं, समोर सारवलेलं अंगण. मी मनात एक खंगलेला, थरथरत्या बोटांचा म्हातारा धरून आले होते. निघाले ते उंच, ताठ, इस्त्रीचा पांढरा सदरा. "जयभीम वहिनी," म्हणाले. मग गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. "लालच सांगतली होती त्यानं," एवढंच बोलले.

बाहेरच्या खोलीत मागच्या भिंतीशी छताला टेकलेला आणि दाराकडे उतरत आलेला कापूस होता. भाव पडलेला, म्हणून शेतातला सगळा माल घरातच भरून ठेवलेला. पाहुण्यांना त्याच्यावरच बसवतात. भावजी त्यात कमरेपर्यंत बुडाले. आमच्याकडे पाहुण्याला गादीवर बसवतात आणि कापूस गादीत असतो. इथे मधली पायरी गाळली आहे. अंगाला रात्रभर खाज सुटते, हे मला उशिरा कळलं.

चहा झाल्यावर मी दिव्याचं रडगाणं गायलं. पंधरा की सतरा, काही कळत नाही, मी म्हणाले. नामदेवांनी चष्मा पुसला. खिशातून एक कोरं पोस्टकार्ड आणि पेन्सिल काढली. गाडी सावलीत ढकलून घेतली आणि मोठ्या कष्टाने ते सीटवर बसले, गुडघे जवळजवळ हनुवटीला. मी पिन लावली, किल्ली फिरवली.

दिवा लुकलुकू लागला. त्यांनी मोजलं नाही, हे मी शपथेवर सांगते. ओठ हलले नाहीत, बोटं हलली नाहीत. नजर दिव्यावर आणि पेन्सिल आपोआप कार्डावर, आडवी रेघ, ठिपके, आडवी रेघ, ठिपके. अर्ध्या मिनिटात त्यांनी मान वर केली.

"वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. ह्या दोन तारा आहेत, एकीमागं एक. पह्यली पंधरा, दुसरी सतरा. मंधात जरासाक दम घेते. थो दम तुम्हाले दिसला नाही."

मधुकरच्या तक्त्यात पाहिलं. पंधरा: धुराच्या नळीवरचा सेन्सर, म्हणजे धुरात प्राणवायू किती उरला हे इंजिनाला सांगणारा खिळा. सतरा: त्याच्या खबरीवरून पेट्रोल कमीजास्त करणारी व्यवस्था. पहिला खोटं सांगत होता म्हणून दुसरी गोंधळली होती. दोन बिघाड नव्हतेच, एकच होता. आणि कुठे हात घालायचा ते आता नक्की कळलं.

नळी तापलेली होती. निवेपर्यंत जेवून घ्या, असं नामदेवांच्या बायकोने सांगितलं. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा. जेवता जेवता मी त्यांच्या कसबाचं कौतुक करू लागले. मला कौतुक करायची सवय नाही, त्यामुळे ते जरा लांबलं.

ते म्हणाले, "वहिनी, तार म्हटलं की लोकं आधी रडत. वाचाच्या आधी. तार घेऊन शिपाई गल्लीत शिरला की बाया दारं लावून घेत. म्या सगळ्याइले सांगत जाओ, तार नाही आली ना? मंग समदं बरं आहे समजा." भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला. "मधूची तार नाही आली मले. कार्ड नाही, फोन नाही. म्या समजलो, बरा आहे. दोन पत्रं टाकली त्याले. मंग यवतमाळच्या बजारात वसंता भेटला, तवा समजलं."

ती दोन पत्रं मला मिळाली होती. 'प्रिय मधू, गाडी केव्हा आणतोस?' मी ती वाचली होती आणि कपाटात ठेवून दिली होती. मेलेल्या माणसाच्या नावाने आलेल्या, हसऱ्या अक्षरातल्या पत्राला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नव्हतं. गडबडीत राहून गेलं, असं मी वर लिहिलं आहे. गडबड वगैरे काही नव्हती.

 नामदेवांनी पुढे विचारलं नाही. मला आणखी भाकर वाढली.

इंजिन निवल्यावर पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवून त्यांनी अंगणात पोतं अंथरलं, त्यावर आडवे झाले आणि आरसा घेऊन गाडीखाली डोकं घातलं. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "हे काय होय?" आणि हात बाहेर आला. हातात एक काळी ठिक्कर पडलेली माळ होती. भाजून सुकलेलं लिंबू, सात मिरच्यांचे कोळसे, आणि चिकट डाग सोडणारा बिब्बा. सगळं लोखंडी तारेत ओवलेलं. त्या माळेच्या ओझ्याने सेन्सरची वायर खाली ओढली गेली होती, तापलेल्या नळीला टेकली होती आणि तिचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलं होतं. दिवसभर तो खकाणा आमच्या नाकात जात होता आणि आम्ही शेतं हुंगत होतो. काखेत कळसा म्हणतात तो हा.

मी भावजींकडे पाहिलं. त्यांना दडायला कापूसही जवळ नव्हता.

"तुम्ही? काल रात्री तासभर व्याख्यान कुणी दिलं?"

"समोर बांधलं असतं तर तुम्ही फेकून दिलं असतं," ते खाली बघत म्हणाले. "म्हणून आत बांधलं, खालच्या अंगाला, तुमच्या नजरेस नाही पडणार असं. थे वायर असेल हे मले काय माहीत! वहिनी, दादाच्या टायमाले आम्ही कोणीच काही केलं नाही. तुम्ही एकट्या एवढ्या लांबून... मले रात्री झोप नाही आली."

माझ्या जिभेवर जे होतं ते सांगते: मूर्ख, ढोंगी, बी. कॉम. झालेल्या शेजाऱ्यापेक्षा वाईट. त्यातला एकही शब्द बाहेर आला नाही. इतका हास्यास्पद आणि इतका कळवळ्याचा प्रकार माझ्यासाठी कुणी केल्याला फार दिवस झाले होते. मला नामदेवांचा आधार वाटला. त्यांच्या घरात छप्पन सालापासून असलं काही चालत नाही, ते तरी हसतील. ते हसले नाहीत. माळ त्यांनी पोत्याच्या कडेला हळूच ठेवली आणि म्हणाले, "वसंता, पुढच्या वेळी वायर पाहून बांध."

वायर त्यांनीच जोडली. तांबं घासलं, पीळ दिला, काळी टेप गुंडाळली, नळीपासून लांब बांधून टाकली. मी बॅटरीची एक तार काही मिनिटं सोडून ठेवली, म्हणजे गाडीच्या डोक्यातले जुने आकडे पुसले जातात. मग इंजिन सुरू केलं. धाप गेली होती.

"आता एकदा पाहू द्या," नामदेव म्हणाले आणि पुन्हा सीटवर उतरले. पोस्टकार्ड उलटं केलं, पेन्सिल धरली. मी इंजिन बंद करून पिन लावली आणि किल्ली फिरवली.

दिवा एकदा लागला आणि विझला. आम्ही वाट पाहिली. ऊन उतरलं होतं, जिनिंगचा भोंगा वाजून गेला. पेन्सिल कार्डावर टेकलेली तशीच होती.

"काहीच नाही म्हणत," ते म्हणाले.

"बिघाड नसला की काही म्हणत नाही."

"म्हणजे बरं आहे." त्यांनी मान हलवली, पण डोळे दिव्यावरून काढले नाहीत. "समदं बरं आहे."

मी पलीकडून वळसा घालून दुसऱ्या सीटवर बसले. पिन काढली नाही. समोर बघत, चौदा महिन्यांपूर्वी करायची होती ती तार मी केली. मधुकर मंगळवारी पहाटे गेला. झोपेत गेला. शेवटच्या आठवड्यात तुमचं नाव दोनदा घेतलं.

नामदेवांची पेन्सिल चालू लागली. त्यांनी ते सगळं कार्डावर लिहून घेतलं, आणि खाली वेळ टाकली.